नसलेलं पहिलं

माझ्या नातीची पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते आणि ती पलंगावरून उठायला तयार नव्हती, म्हणून मला सांगलीला बोलावण्यात आलं. या वयात मला दोनच कामांसाठी बोलावतात. एक, लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण सांगायला आणि दुसरं, कुणाला दिवस गेलेत का ते ओळखायला. लोणच्यातलं मला बरंच कळतं. दुसऱ्यातलं काही कळत नाही, पण हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही. पोरीच्या तोंडाकडे बघायचं, "हं" म्हणायचं आणि चहा मागायचा. एवढ्या भांडवलावर आमच्या पंचक्रोशीत माझं मोठं नाव आहे.

फोन माझ्या लेकीचा, म्हणजे या नातीच्या आईचा होता. ती साताऱ्याला शाळेत शिकवते. "आई, मला रजा मिळत नाही. तू जा. ती रडतीय नुसती. तुला बघितल्याबरोबर कळेल."

"मला काय कळायचंय? मी काय सोनोग्राफीचं मशीन हाय?"

"तुझं बोलणं नंतर. तू जा."

गेले. रहिमतपूरहून सकाळची गाडी धरली. गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यात गाडी प्रत्येक स्टेशनावर माझ्यासारखीच दम खात थांबत होती. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. आयुष्यभर मी बायकांच्या तारखा ऐकत आले. कुणाची आली, कुणाची आली नाही, कुणाची यायला नको होती तेव्हा आली. माझी स्वतःची थांबली तेव्हा वाटलं, सुटले. पण सुटत नाही माणूस. लेकीची सुरू होते, मग नातीची.

नातीचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. ती सांगलीत बँकेत नोकरी करते, नवरा फौजेत, सासर शिराळ्याचं. गौरी-गणपतीला नवरा सुट्टीवर आला होता आणि गौरी बुडाल्या त्याच संध्याकाळी परत निघाला. तिची तारीख नेमकी गौरीत येत होती, म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. यात नवल काही नाही. गौरीच्या आठवड्यात आमच्याकडे बाई मेडिकलच्या दुकानात नुसती उभी राहिली तरी दुकानदार विचारतो, "किती दिवसांच्या देऊ?" गोळ्या थांबवल्यावर दोन-चार दिवसांत पाळी यायची असते. हिची आली नव्हती. गौरी जाऊन दोन आठवडे झाले, पितृपंधरवडा लागला, तरी पत्ता नाही.

दार शेजारणीने उघडलं. आत गेले तर पोरगी डाव्या कुशीवर, पायाखाली दोन उशा, तोंड भिंतीकडे.

"काय गं, बाळंतीण झालीस व्हय आधीच?" मी म्हटलं.

"आज्जी, हसवू नकोस. पोट हलतं."

मी तिच्याजवळ बसले. तिने मोबाइल पुढे केला. त्यात दोन रकान्यांची यादी होती, पाळी येण्याआधीची लक्षणं एकीकडे आणि दिवस गेल्याची दुसरीकडे.

"छाती दुखते, दोन्हीकडे लिहिलंय. झोप येते, दोन्हीकडे. कंबर, पोट फुगणं, चिडचिड, रडू, सगळं दोन्हीकडे. मळमळ तेवढी या बाजूला जास्त म्हणतात. मला होतेय थोडी. आज्जी, बघ ना माझ्याकडे नीट."

मी नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत, ओठ सुकलेले. ही लक्षणं उपाशी बाईची होती. "हं," मी म्हटलं आणि चहा मागणार होते, पण करणारीच आडवी पडलेली, म्हणून उठून मीच ठेवला.

"ती पट्टी असते ना घरी बघायची?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"आणलीय. बाथरूममध्ये आहे. बघितली नाही."

"का?"

 चहा घेऊन आले तर ती रडत होती. मग हळूहळू बाहेर आलं ते असं. आठ दिवसांपूर्वी माझी लेक सुट्टीच्या वारी येऊन तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. तिथे कागद भरताना बाईंनी विचारलं, घरात कुणाचा गर्भ पडल्याचा इतिहास? आणि माझ्या लेकीने, मास्तरीणच ती, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची सवय, लगेच सांगितलं, "माझ्या आईचं पहिलं गेलं होतं. तिसऱ्या महिन्यात." बाईंनी ते लिहून घेतलं आणि लघवी सकाळची पहिली आणा म्हणून सांगितलं. ही परत गेलीच नाही.

"मला भीती वाटते, आज्जी. बघितलं आणि नाही निघालं तर संपलं. निघालं आणि तुझ्यासारखं गेलं तर? आपल्यात पहिलं टिकत नाही. त्यापेक्षा असं पडून राहिलं तर निदान धक्का तरी बसणार नाही. मी बिनपगारी रजा टाकलीय." मग तिने माझा हात धरला. "तुझं कसं झालं होतं गं? आधी काय दुखायला लागलं? सांग ना, म्हणजे मला कळेल."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. पन्नास वर्षांत हा प्रश्न मला इतका सरळ कुणी विचारला नव्हता. "आधी चहा घे," मी म्हटलं. ती चहा पीत होती तेवढा वेळ मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीला मनातल्या मनात शिव्या देत राहिले.

ती शहाणी म्हणजे मी. कराडची पोर, मॅट्रिक पास, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी ठाम समजूत. मला रहिमतपूरजवळच्या एका वाडीत, ऊसवाल्या घरात दिलं. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर. घरी सासूबाई, सासरे आणि दोन म्हशी. त्या घरात पाळीचे चार दिवस मागल्या पडवीत काढावे लागत. एक घोंगडं, एक जर्मनची ताटली, एक तांब्या. पडवीला लागून गोठा. चार दिवस म्हशी माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हशींकडे. माहेरी आम्ही असलं काही पाळत नव्हतो. मला त्या पडवीचा इतका राग यायचा की तारीख जवळ आली की पोटात दुखायच्या आधी डोकंच दुखायला लागायचं.

पहिल्या गौरीला माझी तारीख आली. सासूबाईंना सून एकच. गौर कोण घेणार? त्यांनी गावातल्या डॉक्टरकडून दहा गोळ्या आणल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. काय त्या गोळ्या! तारीख आली आणि गेली, आणि मी पडवीत नाही, पुढच्या सोप्यात, जरीचं लुगडं नेसून. मॅट्रिकचं डोकं लगेच चाललं. दहा गोळ्यांनी दहा दिवस सुटका होत असेल, तर जास्त गोळ्यांनी जास्त दिवस. गौरी बुडाल्यावर मी माहेरी गेले. मैत्रिणीचा भाऊ कराडला मेडिकलच्या दुकानात होता. त्याला म्हटलं, "सासूबाईंनी मागवल्यात. आमच्यात देव लय हायत." त्याने बिचाऱ्याने खोकाच दिला. तो मी ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला आणि रोज न चुकता खायला लागले. थांबवायच्या कधी, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पडवीत जावं लागलं असतं.

महिन्याभरात अंग जड झालं. छाती दुखायला लागली, पोट फुगलं, सकाळी मळमळायला लागलं. एक दिवस शिळ्या आमटीच्या वासाने मी तोंडावर पदर धरून परसात पळाले. परत आले तर सासूबाई चुलीपुढून माझ्याकडे बघत होत्या. इतक्या मऊ नजरेने त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं.

"कवापास्नं बाजूला बसली न्हाईस गं तू?"

 त्यांनी बोटांवर मोजलं. लेकाची सुट्टी त्यात चोख बसत होती. "आवं, ऐकलं का," त्यांनी सासऱ्यांना हाक मारली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या ताटातलं तूप दुप्पट झालं, म्हशींकडे जायला मला बंदी झाली.

आता इथे कुणी म्हणेल, तुला तर माहीत होतं ना? माहीत होतं. पण चार दिवस सगळं घर तुम्हाला पोटुशी म्हणून वागवायला लागलं की तुम्हालाही वाटायला लागतं. मी तर्क केला, गोळ्या पाळी थांबवतात, पोटातलं थोडंच थांबवतात? असेलही. सकाळी मी गोळी गिळायचे आणि दुपारी पोटावर हात ठेवून आत कुणी हलतंय का बघायचे. देवाने मला इतका मूर्खपणा आणि इतका आत्मविश्वास एकाच वेळी का दिला, ते त्यालाच ठाऊक.

दिवाळी झाली, तिसरा महिना लागला आणि सासूबाईंनी चोरओटी काढली. चोरओटी म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून घरातल्या घरात, बोलबाला न करता भरायची ओटी. आमची चोरओटी इतकी गुपचूप होती की वाडीतली एकही बाई घरी राहिली नाही. हिरवं लुगडं, पदरात तांदूळ, नारळ, खारका. ओटी भरता भरता एक म्हातारी म्हणाली, "आता कसलंबी औषिद खाऊ नगंस हं." ते मला पटलं. त्याच दिवशी मी उरलेल्या गोळ्या उसाच्या सरीत पुरल्या.

चौथ्या दिवशी अंगावर जायला लागलं. दोन-अडीच महिन्यांचं तुंबलेलं, ते काय साधं असणार? मी सवयीने पडवीकडे निघाले होते. सासूबाईंनी पाठीमागे लुगडं बघितलं आणि किंकाळी फोडली. मला धरून खाली बसवलं, सुईणीला बोलावलं. तिने पोट दाबून बघितलं, डोळे खाली घातले. "गेलं, बया."

सासूबाई भिंतीला डोकं लावून रडल्या. त्या करारी बाईला मी आधी कधी रडताना बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. आत्याबाई, मी गोळ्या खात होते. तोंड उघडलं आणि हुंदका बाहेर आला. त्यांना वाटलं, पोरीला दुःख झालंय. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मग ते वाक्य पोटातच राहिलं. पंधरा दिवस मला गादी, शेक, डिंकाचे लाडू. पडवी नाही. नवऱ्याला पत्र गेलं. त्याने तिकडे आठ दिवस पत्त्यांना हात लावला नाही म्हणे.

पुढे मला चार मुलं झाली आणि दर वेळी सुरुवातीला मी खात्रीने सांगितलं की पाळीच येणार, कारण दुखणं अगदी तेच. पण सासूबाई नातवंडं मोजताना "चार आनी येक" म्हणायच्या. सर्वपित्रीच्या दिवशी त्या कोपऱ्यात एक छोटं पान वेगळं मांडायच्या, दूधभाताचं. त्या गेल्यावर ते पान मी मांडायला लागले. नाही मांडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. एका दमात नाही, मध्ये दोनदा उठून पाणी प्यायले. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. संपलं तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती, आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ.

"म्हणजे काही नव्हतंच?"

"काही नव्हतं."

"आणि तू लाडू खाल्लेस?"

"सगळे."

ती हसली. हसता हसता उशी तोंडावर घेतली, मग ती उशी माझ्याकडे फेकली. "आज्जी, मी आठ दिवस डाव्या कुशीवर झोपतेय! खांदा मोडून आलाय माझा. तुझ्यामुळे! डॉक्टरच्या कागदावर लिहिलंय ते!"

"मला काय म्हाईत तो कागद सांगलीपर्यंत जाईल म्हणून."

"आणि ते पान? या वर्षी पण मांडणार होतीस?"

"आता नाही मांडत."

तिने पायाखालच्या उशा बाजूला सारल्या. मग उठली, केस बांधले आणि म्हणाली, "भूक लागलीय." मी पिठलं टाकलं. दोघी जेवलो. तिने तीन भाकरी खाल्ल्या. मला मात्र घास जाईना. मन हलकं होईल असं वाटलं होतं. फक्त थकवा आला, लांबचं चालून आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती पट्टी बघितली. बाथरूमच्या दारात उभी राहून मला दाखवली. मला चष्म्याशिवाय एकही रेघ दिसेना. चष्मा लावला तेव्हा एक दिसली. दोन लागतात. घड्याळात बघून सांगितलेली मिनिटं थांबलो, मग तेवढीच आणखी थांबलो. एकच.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, तारखा बघता आता असतं तर पट्टीवर दिसलं असतं. पाळी येण्याआधी शरीरात जे वाढतं, तेच गर्भ राहिल्यावरही वाढतं आणि त्याच जातीचं काहीतरी या गोळ्यांतही असतं. म्हणून छाती, पोट, झोप, रडू सगळीकडे सारखंच. अंगावरून सांगता येत नाही, ते आम्हा डॉक्टरांनाही येत नाही, म्हणून तर तपासायचं. आठवड्यात पाळी आली नाही तर या, रक्त तपासू. नातीने मग त्यांना कागदावरची ती ओळ खोडायला सांगितली. का, ते सांगितलं नाही. तेवढी अब्रू ठेवली माझी.

फोन ठेवला आणि ती खुर्चीवर बसून राहिली. मला वाटलं, आता मोकळी झाली. पण ती म्हणाली, "मी तिच्याशी बोलत होते, आज्जी. दुपारी. मुलगी आहे असंच वाटत होतं मला."

 मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नसलेल्याचं दुःख खोटं असतं, असं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत होते, कारण तसं मानलं की सासूबाईंचं रडणंही खोटं ठरायचं. पण ही पोर माझ्यासमोर खरीखुरी रडत होती.

तेवढ्यात शिराळ्याहून तिच्या सासूचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"काय गं, कळ्ळं का काय? शेजारच्या मावशी इचारत हुत्या. वटीचं बघू का?"

नातीने नाक पुसलं. "नाही आत्या. दिवस नाहीत गेले. गोळ्यांनी लांबलीय पाळी."

 मी चष्मा पुसायला घेतला.

"बरं. ऱ्हाऊ दे मग," सासू म्हणाली. "जेवलीस का? आनी फुडल्या वर्साला घिऊ नगंस त्या गोळ्या. गौर काय पळून जाती व्हय? तुझ्या जागी मी घीन. मीबी लय खाल्ल्यात त्या, पोटाचं वाटोळं झालं."

झालं. एवढंच. ते वाक्य बोलायला तिला श्वास घ्यायलाही थांबावं लागलं नाही, आणि पलीकडून पुढचा प्रश्न जेवलीस का. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"आता मम्मीला तू सांग."

"तिला कशाला? म्हातारी झाली ती पण."

"ती अजून सगळ्यांना सांगते आपल्यात पहिलं टिकत नाही म्हणून. परवा माझ्या मावसबहिणीला सांगितलं. आज्जी, लाव फोन."

लावला. शाळेची मधली सुट्टी होती, मागे पोरांचा गलका. लेकीने आधी विचारलं, काय निघालं? मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली, थोडी रडली, मग म्हणाली, "जाऊ दे, निदान गेलं तरी नाही." तिथे मी तिला थांबवलं आणि तिला माझं सांगितलं. नातीला सांगताना तासभर लागला होता, लेकीला चार वाक्यांत सांगितलं. चार वाक्यांत मावणारी गोष्ट होती ती.

गलका तेवढा ऐकू येत राहिला. 

"आई."

"हं."

"म्हणजे मी पहिली?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं कधी. तिला ताप आला की सासूबाई तिच्या उशाशी बसून राहायच्या, तिला विहिरीवर पाठवायच्या नाहीत, झाडावर चढू द्यायच्या नाहीत. एक गेलंय, हिला जपा. ती लहानपणी भेकड होती ती उगाच नव्हती. आम्हीच केलेलं ते.

"व्हय," मी म्हटलं. "तूच पहिली."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

घंटा झाली. ती म्हणाली, "तास आहे माझा," आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नात म्हणाली, येईल, थांब तू. ती तिसऱ्या दिवशी बँकेत गेली. जाताना दारातून ओरडली, "आज्जी, आली गं पाळी! कपाटातून पॅड दे!" शेजारणीला ऐकू गेलं असेल. मी पॅड दिलं, तिला डबा दिला, आणि ती गेल्यावर मोबाइल मांडीवर ठेवून बसून राहिले.